डोंगरकाठची शेती आणि कृषी विद्यापीठ

महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे मुख्यालय अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरी येथे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील बिद्रीपासून हे ठिकाण साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक लांब, तेही पर्जन्यछायेतल्या कमी पावसाच्या मुलखात. दुधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यातल्या, पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य न पाहणाऱ्या शेतकऱ्याला त्यामुळे विद्यापीठ परके वाटते. या भागासाठीचे विद्यापीठाचे काम मात्र राहुरीत होत नाही. ते कोल्हापुरात आणि राधानगरीत होते, आणि तिथे पोचायला बिद्रीहून एक एसटी पुरते. कोणत्या कामासाठी कोणत्या केंद्रावर जावे, जाताना काय घेऊन जावे आणि मिळालेली शिफारस आपल्या गुंठ्यात कशी बसवावी, एवढे समजले तर विद्यापीठाचा पुरेपूर उपयोग करून घेता येतो.

महाराष्ट्रातील पहिले कृषी विद्यापीठ, म्हणजे हेच राहुरीचे, १९६८ साली स्थापन झाले. त्याआधी १९६० मध्ये पंतनगर येथे देशातील पहिले कृषी विद्यापीठ उभे राहिले होते. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करायची, हा त्यामागचा विचार. पुढे महाराष्ट्राच्या निरनिराळ्या हवामानांसाठी अकोला (१९६९), परभणी आणि दापोली (दोन्ही १९७२) अशी आणखी तीन कृषी विद्यापीठे झाली. राहुरीच्या विद्यापीठाकडे कोल्हापूरसह पश्चिम व उत्तर महाराष्ट्रातील दहा जिल्हे आहेत. नंदुरबारच्या सातपुड्यापासून चंदगडच्या घाटमाथ्यापर्यंत पसरलेल्या या मुलखात एकच शिफारस सर्वांना लागू पडणे शक्य नव्हते. म्हणून हवामानानुसार विभाग पाडून प्रत्येकासाठी विभागीय कृषी संशोधन केंद्र नेमले गेले: घाट विभागासाठी इगतपुरी, उपपर्वतीय विभागासाठी कोल्हापूर, मैदानी विभागासाठी पुण्यातील गणेशखिंड आणि अवर्षणप्रवण विभागासाठी सोलापूर.

बिद्री परिसराचे वैशिष्ट्य असे की इथे थोड्या अंतरात जमीन आणि पाऊस दोन्ही बदलतात. पश्चिमेला राधानगरी आणि भुदरगडचे डोंगर, तिथली जांभी आणि तांबूस, पाण्याने धुपलेली जमीन. मध्ये नदीकाठची खोल मळईची जमीन. पूर्वेला कागलकडे सरकताना मध्यम ते भारी काळी माती. दुधगंगेवर काळम्मावाडीचे धरण आणि वेदगंगेवर पाटगावचे धरण झाल्यापासून नदीकाठ उसाने भरला, पण डोंगराच्या अंगाला भात, नाचणा, भुईमूग आणि आता काजू असेच चित्र आहे. एकाच खातेदाराचा नदीकाठी वीस गुंठे ऊस, वर खाचरात भात आणि माळाला काजू, ही इथली नेहमीची मांडणी. त्यामुळे विद्यापीठाकडे जाणाऱ्याने ‘कोल्हापूर जिल्ह्यासाठी काय शिफारस आहे’ असे विचारून भागत नाही. जमीन कुठली, पाणी किती महिने पुरते आणि पाऊस कसा पडतो, हे सांगून प्रश्न विचारावा लागतो. ज्याचा प्रश्न नेमका, त्याला उत्तरही नेमके मिळते.

केंद्रे कोणती, हे आधी पाहू. शेंडा पार्क, कोल्हापूर येथील विभागीय कृषी संशोधन केंद्र उपपर्वतीय विभागातील पिकांवर काम करते. नाचणा आणि इतर लहान भरडधान्यांचे संशोधन इथलेच. ‘फुले नाचणी’ (केओपीएन २३५) आणि ‘फुले कासारी’ हे वाण या केंद्राचे. कोल्हापुरातच प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. उसाचे वाण, खते, खोडवा, गूळ तयार करण्याची पद्धत, यांतले काहीही विचारायचे असेल तर बिद्रीकराने इथेच जावे. भातासाठी राधानगरीचे कृषी संशोधन केंद्र जवळ पडते. उसाचे मूळ संशोधन मात्र सातारा जिल्ह्यातील पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्रात होते. १९३२ पासून चालणारे हे केंद्र विद्यापीठाहूनही जुने आहे, आणि महाराष्ट्राच्या उसाच्या रानात आज दिसणाऱ्या अनेक वाणांची निवड तिथे झाली. सोयाबीनचे ‘फुले अग्रणी’, ‘फुले संगम’, ‘फुले किमया’ हे वाण सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रजच्या केंद्राचे. याशिवाय कोल्हापूर जिल्ह्यात तळसंदे आणि कणेरी येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. संशोधन केंद्रात तयार झालेले तंत्र शेतकऱ्याच्या रानात पडताळून पाहणे आणि प्रशिक्षण देणे हे त्यांचे काम.

काजू, कोकम, फणस यांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कारभाराच्या दृष्टीने कोल्हापूर राहुरीकडे असले, तरी भुदरगड, आजरा, चंदगडच्या डोंगरी पट्ट्याचे हवामान घाटाखालच्या कोकणाला जवळचे आहे. काजूचे वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ हे वाण दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राने दिले. डोंगरउतारावर बाग लावणाऱ्याने दापोलीच्या शिफारशी वाचाव्यात, वेंगुर्ल्याला एकदा जाऊन झाडे पाहावीत. दोन विद्यापीठांच्या हद्दीवर राहण्याचा हा फायदा आहे आणि तो घ्यायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

विद्यापीठ आणि कृषी खाते यांत गल्लत झाल्याने अनेकांचा हेलपाटा वाया जातो. अनुदान, ठिबकचा प्रस्ताव, पीक विमा, फळबाग योजना, अवजारांचे अर्ज हे सगळे कृषी खात्याचे काम. त्यासाठी गावचा सहाय्यक कृषी अधिकारी (पूर्वीचा कृषी सहायक), मंडळ कृषी अधिकारी आणि तालुका कृषी अधिकारी यांच्याकडे जावे. कोणता वाण लावावा, रोग कोणता, खत किती, जमीन का बिघडली, हे प्रश्न विद्यापीठाचे. उसाच्या बाबतीत तिसरा दुवा साखर कारखान्याचा. बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यासारख्या संस्थेच्या ऊस विकास विभागाकडून बेणे, माती परीक्षण आणि नोंदीची माहिती मिळते. सभासदाने पहिली चौकशी गट ऑफिसात करावी, तिथे सुटला नाही तो प्रश्न कोल्हापूरच्या केंद्राकडे न्यावा. फोनवरून सल्ला हवा असेल तर १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरच्या निःशुल्क क्रमांकावर मराठीत बोलता येते.

केंद्राकडे जाण्याआधी करायचे पहिले काम म्हणजे माती परीक्षण. अहवाल हातात नसेल तर शास्त्रज्ञाला सरासरी शिफारसच सांगावी लागते, आणि डोंगरकाठच्या रानात सरासरीला काही अर्थ उरत नाही. नमुना घेण्याची योग्य वेळ पीक निघाल्यानंतर, नांगरटीपूर्वी. खत टाकल्यावर दोन-तीन महिने नमुना घेऊ नये. रानाचा रंग, उतार, खोली पाहून तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकड्याचा नमुना वेगळा ठेवावा. वरचा माळ आणि खालचे खाचर यांची माती एकत्र करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण अहवालात जो आकडा येतो तो दोन्हीपैकी एकाही रानाचा नसतो. प्रत्येक तुकड्यात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे खड्डे घ्यावेत. हंगामी पिकांसाठी ते वीतभर, म्हणजे २० सेंटीमीटरपर्यंत खोल असावेत, उसासाठी थोडे अधिक. खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडून घ्यावी. बांध, झाडाखालची जागा, शेणखताच्या ढिगाची जागा, जनावरे बसतात ती जागा, पाटाची कड वगळावी. सगळी माती घमेल्यात मिसळून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, पुन्हा मिसळावी, असे करत अर्धा किलो राहिली की सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरावी. खताच्या रिकाम्या पोत्याचा वापर कधीही करू नये. त्याला चिकटलेल्या कणांनी अहवाल बिघडतो. पिशवीत गट नंबर, खोली, आधीचे पीक, पुढचे पीक आणि पाण्याची सोय लिहिलेली चिठ्ठी टाकावी. फळबागेसाठी तीन फूट खड्डा काढून प्रत्येक फुटाचा नमुना वेगळा घ्यावा लागतो. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यावर ऊस असेल तर पाण्याचीही तपासणी करावी.

अहवालात सर्वांत आधी सामू पाहावा. साडेसहा ते साडेसात ही बहुतेक पिकांना मानवणारी पातळी. राधानगरी, भुदरगडच्या जास्त पावसाच्या जांभ्या जमिनीत सामू सहाच्या खाली गेलेला दिसतो. अशा मातीतले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे वरून फेकलेले सुपर फॉस्फेट पिकाच्या वाट्याला फार थोडे येते. तिथे स्फुरद शेणखतात मिसळून, मुळाजवळ, ओळीतच द्यावे लागते आणि गरजेप्रमाणे चुना घालावा लागतो. उलट नदीकाठी, भरमसाट पाणी पाजलेल्या भारी रानात सामू आठच्या पुढे आणि क्षारता वाढलेली असू शकते. तिथे चुना घातला तर नुकसानच होईल. शेजाऱ्याने चुना टाकला आणि भात सुधारला, म्हणून आपणही टाकावा, असे म्हणूनच करू नये.

त्यानंतर सेंद्रिय कर्ब. ०.४० टक्क्यांच्या खाली तो कमी समजला जातो, ०.४१ ते ०.६० मध्यम. उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोपर्यंत कमी आणि २८१ ते ४२० मध्यम मानतात. एखादे अन्नद्रव्य मध्यम असेल तर शिफारशीइतकी मात्रा द्यावी, कमी असेल तर २५ टक्के वाढवावी, अत्यंत कमी असेल तर ५० टक्के. भरपूर असेल तर कमी करावी. अहवालाचा खरा पैसा इथे वसूल होतो. सवयीने टाकले जाणारे एखादे पोते गरजेचे नव्हते, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

विद्यापीठाच्या शिफारशी वाचताना बहुतेक जण अडतात ते दोन ठिकाणी. एक, त्या हेक्टरी असतात आणि आपला हिशेब गुंठ्याचा. दोन, त्या नत्र, स्फुरद, पालाश या अन्नद्रव्यांच्या किलोत असतात आणि दुकानात मिळतात ती खताची पोती. सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश अशी आहे. अडीच एकरांचा हेक्टर धरला तर एकरी १००, ४६ आणि ४६ किलो. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून १०० किलो नत्रासाठी सुमारे २१७ किलो युरिया लागतो; ४५ किलोची पाच पोती घेतली की थोडा शिल्लक राहतो. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद, म्हणजे ४६ किलोसाठी सुमारे २८८ किलो, ५० किलोची पावणेसहा पोती. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश, म्हणजे सुमारे ७७ किलो, दीड पोते. गुंठ्याला चाळीसने भागावे: युरिया साधारण साडेपाच किलो, सुपर फॉस्फेट सव्वासात किलो, पोटॅश दोन किलोच्या आत. सुपर फॉस्फेटऐवजी डीएपी वापरले तर एकरी १०० किलोत ४६ किलो स्फुरद येतो आणि १८ किलो नत्रही. तेवढे नत्र वजा करून युरिया १७८ किलोंवर आणावा. ही वजाबाकी न केल्याने कित्येक रानांत नत्र जास्त पडते, ऊस माजतो, लोळतो आणि किडीला बळी पडतो.

मात्रेइतकीच वेळ महत्त्वाची. उसाचे नत्र चार हप्त्यांत द्यायचे: लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या भरणीला उरलेले ४० टक्के. वरच्या हिशेबाने एकरी युरिया अनुक्रमे २२, ८७, २२ आणि ८७ किलो होतो. स्फुरद आणि पालाश निम्मे लागणीला, निम्मे भरणीला. पूर्वहंगामी उसाची शिफारस हेक्टरी ३४०:१७०:१७० आणि आडसालीची ४००:१७०:१७० अशी आहे. को ८६०३२ हा वाण खताला चांगला प्रतिसाद देत असल्याने त्याला २५ टक्के अधिक मात्रा सांगितली आहे. वाण न सांगता खत विचारू नये, ते यासाठी.

वाण निवडताना एकरी किती टन मिळाले, एवढाच विचार पुरेसा नसतो. को ८६०३२ (नीरा) हा गेली अनेक वर्षे कोल्हापूरच्या रानात टिकून राहिलेला वाण आहे: साखर चांगली, खोडवा चांगला. फुले २६५ (कोएम ०२६५) वजनाला उजवा, क्षारपड जमिनीतही तग धरणारा. पण तो उशिरा पक्व होतो, त्यामुळे लवकर तोडीच्या रानासाठी तो निवडू नये. गुऱ्हाळासाठी ऊस लावायचा असेल तर गुळाचा रंग, कणी आणि टिकाऊपणा महत्त्वाचा. कोल्हापूर पट्ट्यात त्यासाठी को ९२००५ लोकप्रिय झाला. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. काहिलीत गंधकयुक्त रसायन टाकून पिवळा केलेला गूळ त्या नावाला कमीपणा आणतो. रस साफ करण्यासाठी भेंडीचा उपयोग हा जुना आणि चांगला मार्ग आहे. चुलवाण, काहील आणि रसशुद्धीबद्दल गुऱ्हाळमालकांनी गूळ संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.

बेणे हा उसातला सर्वांत दुर्लक्षित खर्च आहे. खोडव्यातले, लोळलेल्या उसातले किंवा मिळेल तिथले बेणे लावून गवताळ वाढ आणि चाबूक काणी पुढच्या पाच वर्षांसाठी रानात आणली जाते. विद्यापीठाची पद्धत तीन पायऱ्यांची: संशोधन केंद्रात उष्ण हवेची प्रक्रिया केलेले मूलभूत बेणे, त्यापासून कारखान्याच्या मळ्यात पायाभूत, आणि त्यापासून शेतकऱ्याकडे प्रमाणित. तीन-चार वर्षांनी बेणे बदलावे. स्वतःच्या गरजेचा बेणेमळा चार गुंठ्यांत वेगळा लावता येतो. नऊ ते अकरा महिन्यांचा, रसरशीत डोळ्यांचा ऊसच बेण्यासाठी घ्यावा. दोन डोळ्यांची टिपरी हेक्टरी २५,०००, म्हणजे गुंठ्याला अडीचशे. लावण्यापूर्वी टिपरी आधी बुरशीनाशक-कीटकनाशकाच्या द्रावणात आणि त्यानंतर ॲसिटोबॅक्टर (हेक्टरी १० किलो) व स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या (सव्वा किलो) द्रावणात अर्धा तास बुडवावीत. या जिवाणूंच्या वापराने नत्राची निम्मी आणि स्फुरदाची पाव मात्रा वाचते, अशी विद्यापीठाची शिफारस आहे. क्रम उलटा झाला तर औषधाने जिवाणू मरतात आणि सगळा खटाटोप फुकट जातो.

खोडव्याबद्दल विद्यापीठाचे म्हणणे साधे आहे आणि तरी ते सर्वांत कमी पाळले जाते: पाचट जाळू नये. एका हेक्टरात आठ-दहा टन पाचट निघते. ते सरीत दाबून, बुडखे जमिनीलगत छाटून, त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकले की दोन पावसांत माती भुसभुशीत होते, पाणी कमी लागते आणि तण दबते. मग खत कसे द्यायचे, हा प्रश्न येतो. त्यासाठी पहारीची पद्धत आहे. बुडख्यापासून १० ते १५ सेंटीमीटर अंतरावर पहारीने १५ ते २० सेंटीमीटर खोल छिद्र घेऊन त्यात खत टाकून बुजवावे, दोन छिद्रांत एक फूट अंतर. पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांच्या आत, दुसरा १३५ दिवसांनी सरीच्या दुसऱ्या बाजूने. मजुरी वाढते हे खरे. पण खत मुळाशी पडते आणि पावसाने वाहून जात नाही, म्हणून उतारावरच्या रानात ही पद्धत सपाट रानापेक्षाही जास्त फायद्याची आहे.

हुमणीचा बंदोबस्त एकट्याच्या रानात होत नाही. नदीकाठच्या उसात आणि माळाच्या भुईमुगात वेगवेगळ्या जातींची हुमणी आढळते, पण दोन्हीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या जोरदार पावसानंतर संध्याकाळी बाहेर पडतात. माळावरच्या जातीचे भुंगेरे कडुनिंब, बाभूळ अशा झाडांवर पाला खायला जमतात. त्या दिवसांत गावाने मिळून झाडे हलवावीत, भुंगेरे गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत, प्रकाश सापळे लावावेत. अळी मोठी होऊन ऊस वाळायला लागल्यावर औषधाचा उपयोग थोडा. मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी हेक्टरी २० किलो, शेणखतात मिसळून, ओल असताना द्यावी.

भाताकडे वळताना वाणाचा प्रश्न पुन्हा येतो. इंद्रायणी हा वडगाव मावळच्या केंद्राचा १९८७ चा वाण. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आलेला, वासाचा आणि उत्पन्नाचा. ‘फुले समृद्धी’ही तिथलाच. राधानगरीच्या केंद्राने ‘फुले राधा’ आणि सुवासिक ‘भोगावती’ दिला. या वाणांबरोबर गावठी वाण मोडून काढू नयेत. आजरा घनसाळ हा उंच वाढणारा, लोळणारा आणि कमी उताऱ्याचा भात. तरी त्याच्या वासामुळे त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि बाजारात वेगळा दर आला. थोड्या क्षेत्रात त्याचे शुद्ध बियाणे राखणे हा शहाणपणाचा व्यवहार आहे.

जास्त पावसाच्या खाचरात भाताला वरून दिलेला युरिया पाण्याबरोबर निघून जातो. चारसूत्री पद्धत याच अडचणीवरचे उत्तर आहे. पहिले सूत्र, भाताचा पेंढा आणि तुसाची राख जमिनीला परत देणे. दुसरे, चिखलणीपूर्वी गिरिपुष्पाचा हिरवा पाला हेक्टरी तीन टन गाडणे. तिसरे, दोरीवर १५ आणि २५ सेंटीमीटर अशी आळीपाळीने अंतरे ठेवून नियंत्रित लावण. चौथे, १५ सेंटीमीटरच्या चौकोनातील चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटीमीटर खोल रोवणे. गुंठ्याला सव्वासहाशे गोळ्या, एकरी सुमारे ६८ किलो. बांधाला गिरिपुष्प लावले की पाल्याचा खर्च उरत नाही. तरवा टाकण्यापूर्वी दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओतावे, तरंगलेले पोचट दाणे काढून टाकावेत, खाली बसलेले दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवून सावलीत वाळवावे. यासाठी मिठाशिवाय काही लागत नाही, आणि रोगट बियाणे रानात जाण्याआधीच बाजूला होते.

माळावर काजू लावताना कलमे परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्यावीत आणि वाणाचे नाव पावतीवर लिहून घ्यावे. बीपासून वाढलेल्या रोपांची बाग सहा-सात वर्षांनी निराश करते. सात मीटर बाय सात मीटर अंतरावर एकरी सुमारे ८० कलमे बसतात. पावसाच्या सुरुवातीला लावताना कलमाचा जोड मातीच्या वर ठेवावा आणि जोडाखालून येणारी फूट काढत राहावी, नाहीतर मूळ खुंटच झाड होऊन बसतो. उतारावर प्रत्येक झाडाच्या वरच्या अंगाला अर्धगोल चर काढला तर पाणी अडते आणि माती थांबते. पालवी व मोहोराच्या काळात ढेकण्याकडे लक्ष ठेवावे. कोवळ्या शेंड्यावर काळे डाग दिसले की दापोलीच्या वेळापत्रकाप्रमाणे फवारणी करावी.

पीक आजारी पडल्यावर नुसते एक पान खिशात घालून केंद्रावर जाण्याने निदान होत नाही. मुळासकट, मुळाशी माती असलेले अख्खे रोप उपटून घ्यावे, तेही मेलेले नव्हे, आजार चालू असलेले. सोबत त्याच रानातले एक निरोगी रोप असावे. ते ओल्या प्लॅस्टिकमध्ये बांधू नये, कुजते. वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच दिवशी न्यावे. कागदावर वाण, लावणीची तारीख, दिलेली खते, फवारलेली औषधे त्यांच्या प्रमाणासह, शेवटचे पाणी आणि आजार रानाच्या कोणत्या भागातून सुरू झाला ते लिहावे. पाणी साचते त्या कोपऱ्यातून सुरू झाला की बांधाकडून, यावरून शास्त्रज्ञाला अर्धे उत्तर मिळते. तणनाशक मारलेल्या पंपातून औषध फवारले गेले असेल तर तेही न लपवता सांगावे.

विद्यापीठाची ‘कृषिदर्शनी’ दरवर्षी निघते. त्या वर्षापर्यंतच्या पीकवार शिफारशी तीत एकत्र असतात. त्या शिफारशी चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत तपासून मंजूर झालेल्या असतात, त्यामुळे समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या कोणत्याही तक्त्यापेक्षा त्या भरवशाच्या. गावातल्या ग्रंथालयाने किंवा सेवा सोसायटीने एक प्रत ठेवली तरी अख्ख्या गावाला पुरते. शिवार फेरीच्या दिवशी केंद्रावर जरूर जावे. एकाच रानात शेजारी-शेजारी लावलेले वाण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की जाहिरातीची गरज राहत नाही. बियाणे आणि जैविक खतांची विक्री हंगामाआधी सुरू होते व लवकर संपते, म्हणून खरिपाची चौकशी मे महिन्यातच करावी. नवा वाण पहिल्या वर्षी दोन-चार गुंठ्यांत, जुन्या वाणाच्या शेजारी, सारख्याच खतावर लावून पाहावा आणि दोन्हींचे वजन वेगळे करावे.

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात येऊन राहतात. कृषिदूत, कृषिकन्या म्हणून येणारी ही मुले बीजप्रक्रिया, माती नमुना, चारसूत्री लावण यांची प्रात्यक्षिके करून दाखवतात. ग्रामपंचायतीने ती समारंभापुरती न ठेवता त्यांना एखाद्या वस्तीचे सगळे माती नमुने काढण्याचे काम द्यावे. त्यांच्यामागे त्यांचे महाविद्यालय आणि तिथले विषयतज्ज्ञ असतात.

ज्या घरातील मुलामुलींना शेतीचे शिक्षण घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी कोल्हापूरचे राजर्षी छत्रपती शाहू महाराज कृषी महाविद्यालय जवळचे आहे. १९६३ साली सुरू झालेले हे महाविद्यालय राहुरी विद्यापीठाचे घटक महाविद्यालय असून त्याचे शुल्क खाजगी महाविद्यालयांपेक्षा बरेच कमी पडते. बी.एस्सी. (ऑनर्स) कृषी हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बारावी विज्ञाननंतर राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. शेतकरी कुटुंबातील उमेदवाराला सातबाऱ्यावरून गुणांचा अधिभार मिळतो, म्हणून उतारा आणि नावातील फरकाचे प्रतिज्ञापत्र परीक्षेच्या आधीच तयार ठेवावे. वारसनोंद रखडल्याने हा अधिभार हातचा जातो. दहावीनंतर लवकर कामाला लागायचे असेल तर मराठी माध्यमातील दोन वर्षांची कृषी पदविका घेता येते. रोपवाटिका, कृषी सेवा केंद्र किंवा कारखान्याच्या शेती विभागात काम करणाऱ्याला ती उपयोगी पडते. सरकारी घटक महाविद्यालय, संलग्न खाजगी महाविद्यालय आणि कृषी विद्यापीठाशी संबंध नसलेली संस्था यांतला फरक प्रवेशाआधी विद्यापीठाच्या यादीवरून तपासून घ्यावा.